विद्यार्थ्यांना विचारलं खरं, पण उत्तर कोण देणार?

शिक्षक वर्गात नसताना फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची, हे शाळेत मुलांच्या वाट्याला येणारं पहिलं ‘नेतृत्वाचं’ काम. ते मॉनिटरकडे असतं. मॉनिटर कोण, हे बहुधा वर्गशिक्षक ठरवतात. मूल शिस्तीचं आहे का, सांगितलेलं ऐकतं का, एवढं पाहिलं की झालं. यात वाईट काही नाही, वर्ग चालवायला अशी मदत लागतेच. पण मॉनिटर शिक्षकांचं म्हणणं वर्गापर्यंत पोचवतो. वर्गाचं म्हणणं शिक्षकांपर्यंत आणि मुख्याध्यापकांपर्यंत नेणं हे बरोबर उलट दिशेचं काम आहे. त्याला वेगळी निवड लागते, वेगळी व्यवस्था लागते आणि बऱ्याचदा वेगळ्या स्वभावाचं मूलही लागतं. माध्यमिक शाळांत ही दोन्ही कामं ‘विद्यार्थी नेतृत्व’ या एकाच नावाखाली कोंबली जातात आणि मग कुणालाच कळत नाही की बिल्ला लावलेल्या त्या मुलीनं नेमकं कुणाच्या बाजूनं बोलायचं.

हा घोळ जुना आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल मद्रासमधल्या मुलांच्या एका अनाथाश्रमाची शाळा सांभाळत होते. थोडं पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचं, अशी पद्धत त्यांनी तिथे बसवली आणि १७९७ मध्ये तिच्याबद्दल लिहून प्रसिद्ध केलं. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ पासून आपल्या शाळेत जवळपास हेच केलं: शिक्षक एक, मुलं शेकडो आणि मधे मॉनिटरांची फळी. खर्च कमी, म्हणून ही पद्धत झपाट्यानं पसरली. पुढे १८२८ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेचे मुख्याध्यापक झालेल्या थॉमस अर्नल्ड यांनी सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांवर बाकीच्यांच्या शिस्तीची जबाबदारी टाकली, आणि ‘प्रीफेक्ट’ नावाच्या पदाला मोठी प्रतिष्ठा आली. शाळेला माणसं कमी पडत होती, म्हणून मुलांना पदं मिळाली. मुलांना काय वाटतं, हा प्रश्न त्यात कुठे नव्हताच.

तो प्रश्न आता विचारला जातो. निदान विचारल्यासारखं तरी केलं जातं. विद्यार्थी परिषद असते, सूचनापेटी असते, वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घेतात. तरीही नववी-दहावीच्या मुलांना विचारा, ‘तुमच्या सांगण्यानं शाळेत काही बदललं का?’ तर ती एकमेकांकडे बघून हसतात. माझं म्हणणं असं की, विचारणं हा यातला सोपा भाग आहे. सगळं अडतं ते उत्तरापाशी. मुलांनी मांडलेल्या गोष्टीला कुणी, किती दिवसांत आणि काय कारण देऊन उत्तर द्यायचं, हे ज्या शाळेनं ठरवलेलं नाही तिथे परिषद शोभेची राहते, मग निवडणूक कितीही वाजतगाजत होवो.

हक्क नेमका कशाचा?

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्क संहिता स्वीकारली. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी ती मान्य केली आहे; संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत न करणारा देश एकच, अमेरिका. या संहितेतलं बारावं कलम आपल्या विषयाचा पाया आहे. त्याचा आशय असा: ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला त्याच्याशी संबंध असलेल्या सगळ्या बाबतींत ते मत मोकळेपणानं मांडण्याचा हक्क आहे, आणि त्याचं वय आणि समज पाहून त्या मताला योग्य ते वजन दिलं गेलं पाहिजे.

कलमाचे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्याचा सोयीस्कर विसर पडतो. मत मांडू दिलं की कर्तव्य संपलं, असं कलम म्हणत नाही. मुलं म्हणतील तेच झालं पाहिजे, असंही ते म्हणत नाही. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर होणारे निम्मे वाद या दुसऱ्या गैरसमजातून होतात. ‘उद्या म्हणतील परीक्षाच नको, मग काय करायचं?’ तर म्हणू द्यावं, ऐकून घ्यावं आणि परीक्षा का राहणार ते सांगावं. वजन देणं म्हणजे शरण जाणं नव्हे. मात्र वय वाढतं तसं हे वजन वाढायला हवं. म्हणून प्राथमिकपेक्षा माध्यमिक शाळेवर या कलमाचा भार जास्त येतो. सोळा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलीइतकंच विचारलं जात असेल, तर कुठेतरी चुकतंय.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाची चार भागांत फोड केली. ती इतकी उपयोगी ठरली की आज या क्षेत्रात काम करणारे बहुतेक लोक तिचाच आधार घेतात. पहिली गोष्ट जागा: मत मांडायला सुरक्षित, न घाबरता बोलता येईल अशी संधी. दुसरी आवाज: बोलायला मदत, म्हणजे ज्याला भाषण जमत नाही त्याला लिहून, चित्र काढून किंवा मित्रामार्फत सांगता येणं. तिसरी श्रोता: ज्याच्या हातात निर्णय आहे असा माणूस समोर असणं. चौथी परिणाम: त्या म्हणण्याचं पुढे काय झालं, हे दिसणं.

शाळा पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर कष्ट घेतात. वक्तृत्व शिकवतात, व्यासपीठ देतात, माईक देतात. तिसरीपाशी गाडी अडते. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीला बसवलेले असतात नव्यानं रुजू झालेले, तरुण, मुलांचे लाडके शिक्षक. ते मनापासून ऐकतात, पण तुटलेली खिडकी दुरुस्त करायचाही अधिकार त्यांना नसतो. ते म्हणतात, ‘मी वर कानावर घालतो.’ वर म्हणजे कुठे, हे मुलांना कधी कळत नाही. म्हणून कुठल्याही शाळेतल्या परिषदेबद्दल मी आधी एकच गोष्ट विचारतो: खर्चाला मंजुरी देणारा माणूस या बैठकीला बसतो का?

शिडीच्या खालच्या पायऱ्या

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नागरिकांच्या सहभागासाठी शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये अशीच एक शिडी काढली होती, तिच्यावरून हार्ट यांना हे सुचलं. त्यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या सहभागात धरायच्याच नाहीत. सर्वांत खाली मुलांचा वापर: मोठ्यांचं म्हणणं मुलांच्या तोंडून वदवून घेणं. त्यावर सजावट: पाहुणे आले की गणवेशातल्या चार मुलांना पुढच्या रांगेत बसवणं. त्यावर तोंडदेखलेपणा: मुलाला समितीवर घेतलं, पण विषय काय, आधी काय ठरलं, बोलायचं कधी, यातलं काहीच सांगितलं नाही. अशा समितीतलं मूल दीड तास कागदावर फुलं काढत बसतं आणि इतिवृत्तात ‘विद्यार्थी प्रतिनिधी उपस्थित’ अशी नोंद होते.

वरच्या पायऱ्यांवर मुलांना कारण सांगून काम दिलं जातं, नीट सल्ला घेतला जातो, मोठ्यांनी सुरू केलेल्या कामात मुलं निर्णयाचे वाटेकरी होतात आणि मुलांनीच सुरू केलेल्या कामांनाही वाव मिळतो. एक गोष्ट लोक विसरतात. प्रत्येक वेळी सर्वांत वरच्या पायरीवर असलंच पाहिजे, असा हार्ट यांचाही आग्रह नव्हता. वेळापत्रक बनवताना सल्ला पुरे, वार्षिक अंकाचं संपादन मात्र पूर्ण मुलांकडे, असं चालू शकतं. अट एवढीच की आपण आज कुठल्या पायरीवर आहोत, हे मुलांना आधी सांगावं. ‘तुम्ही ठरवा’ म्हणून सल्ल्यापुरतंच ऐकणं, यानं जितका विश्वास उडतो तितका सरळ ‘हे आम्ही ठरवणार, पण तुमचं ऐकून’ असं सांगितल्यानं उडत नाही.

मोठ्यांवरही खटला

या विषयाचा इतिहास वाचताना मी नेहमी एका माणसापाशी थांबतो. यानुश कोर्चाक हे पोलंडमधले ज्यू डॉक्टर. १९१२ पासून ते वॉर्सामधलं एक अनाथालय स्टेफानिया विल्चिन्स्का यांच्या साथीनं चालवत होते. तिथे मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश पाच, सगळी मुलंच, आणि निवडणुकीनं नव्हे तर चिठ्ठ्या टाकून निवडलेली. ज्या मुलावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही, त्याचंच नाव चिठ्ठीत यायचं. न्यायालयाला कलमांची संहिता होती आणि तिची रचना विलक्षण होती: सुरुवातीची सगळी कलमं माफीची. नव्व्याण्णव कलमांपर्यंत सोडून देणं, समजून घेणं, पुन्हा करू नकोस म्हणून सांगणं. शिक्षेसारखं काही सुरू व्हायचं ते शंभराव्या कलमापासून आणि अनाथालयातून काढून टाकण्याचं कलम थेट हजारावं.

मुलं मोठ्यांविरुद्धही तक्रार करू शकत. कोर्चाक यांनी लिहून ठेवलं आहे की सहा महिन्यांत ते स्वतः पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून, अशी कारणं होती. आपली संस्था आपणच चालवत असताना दहा-बारा वर्षांच्या मुलांचा निवाडा ऐकून घ्यायचा! १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी मुलांसाठी लिहिलेलं साप्ताहिक वर्तमानपत्रही सुरू केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी अनाथालयातल्या मुलांना ट्रेब्लिंका मृत्युछावणीत नेलं, तेव्हा स्वतःला वाचवण्याची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले. पुढे बालहक्क संहितेचा पहिला प्रस्ताव पोलंडनंच मांडला.

इंग्लंडमधल्या समरहिलचं उदाहरणही या विषयात हटकून निघतं. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या या निवासी शाळेत सगळ्यांची नियमित सभा भरते आणि तिथे लहान मूल असो की शिक्षक, प्रत्येकाला एकच मत. नील यांचाही प्रस्ताव मतदानात पडू शकायचा. १९९९ मध्ये सरकारी तपासणीनंतर शाळेवर काही बदल करण्याची सक्ती आली. शाळा त्याविरुद्ध दाद मागायला गेली आणि मार्च २००० मध्ये लंडनमध्ये सुनावणी सुरू असताना तडजोडीचा मसुदा पुढे आला. तो स्वीकारायचा की नाही, हे ठरवायला मुलांनी त्या न्यायालयाच्या दालनातच सभा भरवली, चर्चा केली आणि मतदान करून मसुदा मान्य केला.

ही उदाहरणं ऐकून शिक्षक म्हणतात, ‘ती शाळा छोटी, खासगी, वेगळ्या पालकांची. आमच्याकडे एका वर्गात साठ मुलं.’ हे खरंच आहे, जशीच्या तशी नक्कल कुणी करूही नये. उचलण्यासारखं दुसरंच काही आहे. समरहिलमध्येसुद्धा सुरक्षिततेचे काही नियम आणि शिक्षकांची नेमणूक या गोष्टी सभेच्या हातात नाहीत आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या शाळा कायद्यानं आठवी आणि त्यापुढचे वर्ग असलेल्या प्रत्येक सार्वजनिक शाळेत विद्यार्थी प्रतिनिधी परिषद असावी असं ठरवलं आणि शाळेच्या नियामक मंडळावरही विद्यार्थ्यांना जागा दिली. त्याच कायद्यात हेही लिहिलं आहे की अल्पवयीन सदस्याला शाळेच्या वतीनं करार करता येणार नाही आणि शाळेवर आर्थिक किंवा कायदेशीर बोजा टाकणाऱ्या ठरावांवर मत देता येणार नाही. हद्द कागदावर असली की तिच्या आत मुलांना मोकळं वावरता येतं. हद्द मोघम असली की प्रत्येक विषयावर मुख्याध्यापकांचा चेहरा बघूनच बोलावं लागतं. वेल्समध्ये २००५ च्या नियमांनी तर परिषदेनं वर्षाला किमान सहा बैठका घ्यायच्या, हेही ठरवून टाकलं. क्षुल्लक वाटेल, पण बैठकच न झाल्यानं मेलेल्या परिषदा कमी नाहीत.

बोलतं कोण?

परिषदेवर निवडून येणारी मुलं कोण असतात, हे एकदा शांतपणे बघा. चांगलं बोलणारी, चांगले गुण मिळवणारी, शिक्षकांना नावानिशी माहीत असलेली. म्हणजे ज्यांचं आधीपासूनच ऐकलं जातं, त्यांनाच आणखी एक जागा मिळते. मागच्या बाकावरचा, सतत गैरहजर असलेला, नुकताच दुसऱ्या शाळेतून आलेला, शाळेची भाषा घरी न बोलणारा मुलगा तिथे पोचत नाही. आणि शाळा कुठे चुकते, हे त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक असतं.

बोलिव्हियात कोचाबांबा भागातल्या काही शाळांनी यावर कोर्चाक यांच्यासारखाच उपाय केला: निवडणूक रद्द, चिठ्ठ्या टाकून निवड, ठरावीक मुदतीनं नवे सदस्य. प्रचार नाही, भित्तिपत्रकं नाहीत, ‘मधली सुट्टी दुप्पट करू’ अशी पोकळ आश्वासनं नाहीत. सुरुवातीला बुजलेली मुलं काम पडल्यावर बोलू लागतात. नेता जन्माला यावा लागतो, हा समज चिठ्ठीसमोर फारसा टिकत नाही. सगळं चिठ्ठीवर सोडायला मन धजत नसेल तर निम्मे सदस्य निवडून आणि निम्मे चिठ्ठीनं घेऊन बघावं.

निवड कशीही झाली तरी प्रतिनिधी वर्गाचं बोलणार की स्वतःचं, हे एका साध्या गोष्टीवर ठरतं: बैठकीआधी वर्गाशी बोलायला त्याला पंधरा मिनिटं मिळाली का, आणि बैठकीनंतर वर्गात येऊन सांगायला दहा मिनिटं मिळाली का. ही पंचवीस मिनिटं वेळापत्रकात नसतील तर ‘प्रतिनिधी’ हा शब्द काढून टाकलेला बरा. बैठक शाळा सुटल्यावर ठेवायचाही मोह होतो. मग दूरून येणारी, घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलं आपोआप गळतात. बैठक शाळेच्या वेळेतच हवी.

गृहपाठाची तक्रार

समजा, नववीची तक्रार आहे की गृहपाठ फार होतो. प्रतिनिधीनं बैठकीत तसं सांगितलं. एक शिक्षक म्हणाले, ‘आमच्या वेळी याच्या दुप्पट होता.’ दुसरे म्हणाले, ‘मोबाइल बाजूला ठेवलात तर होईल पूर्ण.’ विषय संपला. दोन्ही बाजूंकडे फक्त मत आहे, मग मोठ्याचं मत जिंकतं.

हाच विषय दुसऱ्या तऱ्हेनंही हाताळता येतो. परिषदेतल्या दोन मुली वर्गातल्या प्रत्येकाला रोज एक चिठ्ठी देतात, नाव न लिहिता भरायची. विषय, गृहपाठ कधी दिला, कधी द्यायचा आहे, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. दोन आठवडे असं केल्यावर सगळ्या नोंदी एका मोठ्या तक्त्यावर उतरवतात. तक्त्यावर दिसतं की आठवड्याचा एकूण गृहपाठ काही अफाट नाही, पण गणित, विज्ञान आणि एक भाषा या तिघांचंही काम गुरुवारीच द्यायचं असतं. बुधवारी रात्री मुलं अकरापर्यंत जागतात, सोमवारी बसून असतात. हे एकाही शिक्षकाला माहीत नव्हतं, कारण प्रत्येकाला फक्त आपला विषय दिसतो. पूर्ण आठवडा फक्त मुलाला दिसतो. आता मागणी ‘गृहपाठ कमी करा’ अशी राहत नाही, ‘एक विषय मंगळवारी घ्या’ अशी होते, आणि तिला नाही म्हणायला कुणाकडे कारण उरत नाही. तक्त्यात आणखी काही दिसू शकतं: चार-पाच मुलांना प्रत्येक कामाला इतरांच्या तिप्पट वेळ लागतोय. तो प्रश्न वार बदलून सुटणारा नाही, त्या मुलांशी वेगळं बोलावं लागेल.

मायकेल फील्डिंग या ब्रिटिश अभ्यासकानं २००१ च्या सुमारास मुलांच्या भूमिकांमधले फरक दाखवले: मुलं नुसती माहितीचा स्रोत, मुलं उत्तरं देणारी, मुलं शिक्षकांच्या बरोबरीनं शोध घेणारी आणि मुलं स्वतः शोध घेणारी. शाळेनं काढलेली प्रश्नावली भरणारं मूल आणि तक्ता बनवणाऱ्या त्या दोन मुली, यांच्यात हाच फरक आहे.

शिकवण्याबद्दल विचारायची वेळ आली की शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. ‘सर कसे शिकवतात? एक ते पाच गुण द्या’ अशी चिठ्ठी अपमान करते आणि त्यातून कळत काहीच नाही. ‘या धड्यात नेमकं कुठे अडलं? काय केल्यावर सुटलं?’ हा प्रश्न माणसाबद्दल नाही, कामाबद्दल आहे. केंब्रिजच्या जीन रडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. संधी मिळाली की मुलं शिक्षकांवर राग काढण्यापेक्षा शिकण्याबद्दल विचारपूर्वक बोलतात, असं त्यांना दिसलं. एक पथ्य मात्र पाळावं: अशा चिठ्ठ्या त्या शिक्षकाच्याच हातात जाव्यात. त्यांचा वापर पगारवाढ किंवा मूल्यमापनासाठी सुरू झाला की दुसऱ्या दिवसापासून सगळे खोटं लिहायला लागतात.

परिषद स्थापन झाली की निकालाची टक्केवारी वाढते, असंही कधी कधी सांगितलं जातं. जरा सबुरीनं घ्यावं. चांगल्या चालणाऱ्या शाळेत परिषदही चांगली चालते, तेव्हा कुठलं कारण आणि कुठला परिणाम, हे वेगळं काढणं सोपं नाही. शिवाय निकाल वाढला नाही तर मुलांचं ऐकणं थांबवायचं का?

‘बघू’ हे उत्तर नव्हे

परिषदेच्या पहिल्या बैठकीत शौचालयाचा विषय निघणारच. मोठी माणसं यावर हसतात: ‘यांना नेतृत्व द्या, तर हे कड्या मागतात.’ पण दाराला कडी नाही म्हणून एखादी मुलगी सकाळपासून पाणीच पीत नसेल आणि शेवटच्या तासाला तिचं डोकं दुखत असेल, तर तो शिकण्याचाच प्रश्न आहे. आणि आपल्या सांगण्यानं काही होतं का, याची परीक्षा मुलं अशाच छोट्या गोष्टीत घेतात. कडी आठवड्यात बसली तर पुढच्या बैठकीत ती मोठं काही बोलतील. तीन महिने ‘बघू’ ऐकलं तर परत तोंड उघडणार नाहीत. वाटाण्याच्या अक्षता ओळखायला शाळेत शिकवावं लागत नाही.

यासाठी शाळेत सगळ्यांना दिसेल असा एक फलक पुरतो. त्यावर तीन रकाने: मुलांनी काय मांडलं, शाळेनं काय ठरवलं, कारण काय. प्रत्येक मुद्द्याला तारीख. दोन आठवड्यांत तिन्ही रकाने भरलेच पाहिजेत, मग उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. मधल्या सुट्टीत मोबाइल वापरू द्या, ही मागणी शाळेनं नाकारली आणि तिसऱ्या रकान्यात कारण लिहिलं, तर मुलं चिडतील, वाद घालतील, कदाचित कारणातली चूक दाखवून पुढच्या वेळी सुधारलेला प्रस्ताव आणतील. तिसरा रकाना कोरा असेल तर वाद घालायलाही काही हाताशी नसतं. कारण लिहावं लागलं की मोठ्यांनाही कधी कधी कळतं की आपल्याकडे कारण नव्हतंच, नुसती सवय होती. केसांच्या आणि बुटांच्या नियमांबाबत हे विशेष घडतं.

एक गोष्ट मात्र या फलकावर कधीच येता कामा नये. कुणी मारतं, कुणी अंगाशी लगट करतं, घरी कुणी छळतं, असं एखाद्या मुलानं प्रतिनिधीला सांगितलं, तर तो परिषदेचा विषय नाही. प्रतिनिधीही मूलच आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन त्यानं द्यायचं नाही आणि त्याच दिवशी, ठरलेल्या जबाबदार मोठ्या माणसाकडे जायचं. तो माणूस कोण, हे सगळ्या प्रतिनिधींना पहिल्याच प्रशिक्षणात नावानं ठाऊक हवं. सूचनापेटी उघडणाऱ्यालाही हाच नियम. म्हणून पेटी महिन्यातून एकदा उघडणं धोक्याचं आहे.

उरला प्रश्न वर्षाअखेरीचा. माध्यमिक शाळेतली परिषद दर वर्षी अर्धीअधिक रिकामी होते, कारण अनुभवी मुलं शाळाच सोडून जातात. नवी मुलं येतात, तेच विषय नव्यानं मांडतात आणि ‘हे मागच्या वर्षीही झालं होतं’ असं ऐकून गप्प होतात. दिरंगाई करणाऱ्या शाळेला ही सोय फार आवडते. म्हणून जाणाऱ्या परिषदेनं आपल्या शेवटच्या बैठकीत अपुऱ्या राहिलेल्या मुद्द्यांची यादी करावी. कुठला मुद्दा कधी मांडला, कुणी काय म्हटलं, कशावर अडलं, हे दोन-दोन ओळींत लिहावं. यादीवर मुख्याध्यापकांची सही घ्यावी, आणि नव्या परिषदेच्या पहिल्या बैठकीत शपथ, बिल्ले, फोटो यांच्या आधी तीच वाचायला घ्यावी.